फळी सांभाळण्याचा खेळ : 'कमांड्स अँड कलर्स : एन्शंट्स'

प्राचीन काळातील लढायांवर दोघांनी समोरासमोर बसून खेळायचे जे पट माझ्या पाहण्यात आले आहेत, त्यांत 'कमांड्स अँड कलर्स : एन्शंट्स' या खेळाला मी पहिले स्थान देतो. सेनापतीच्या हातात प्रत्यक्ष रणांगणावर किती थोडे असते आणि तेवढ्यावरच त्याला लढाई कशी पेलावी लागते, हे या खेळाइतके स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्याही पटावर मला दिसलेले नाही. रिचर्ड बोर्ग यांनी रचलेला हा खेळ अमेरिकेतील जीएमटी गेम्स या प्रकाशनाने 2006 मध्ये बाजारात आणला. मूळ पेटीत उत्तर आफ्रिकेतील कार्थेज विरुद्ध रोम आणि कार्थेज विरुद्ध सिसिलीतील सिराक्यूज अशा लढाया आहेत, म्हणजे इ.स.पू. 406 मधील अक्रागासपासून इ.स.पू. 202 मधील झामापर्यंतचा, सुमारे दोनशे वर्षांचा काळ त्यात येतो. बेळगावात आणि खानापूर-निपाणीकडे इतिहासाची आवड असणारी मंडळी पुष्कळ आहेत, गडकोट पायी फिरणारे आहेत, लढायांचे नकाशे घरी काढून ठेवणारेही आहेत. त्यांच्यासाठी हा परिचय लिहीत आहे.

पेटी उघडल्यावर हाती येतात ते तीनशेहून अधिक लहान लाकडी ठोकळे, चिकटचित्रांची पाने, पत्त्यांचा एक जोड, फासे, टेकड्या-जंगल-नदी यांच्या षटकोनी चकत्या आणि आडवी तेरा व उभी नऊ षटकोनी घरे असलेला पट. ठोकळ्यांवर चित्रे आपणच चिकटवायची असतात, तीही दोन्ही बाजूंना, आणि हे काम एका बैठकीत उरकणारे नाही. घरात शाळकरी मुले असतील तर त्यांना सोबत घ्यावे. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडणाऱ्या मुलांना हे काम सांगावे लागत नाही, ती स्वतःहून बसतात. चित्र वाकडे चिकटले तर सोलून पुन्हा लावता येते, पण दुसऱ्यांदा त्याची पकड पहिल्याइतकी राहत नाही, म्हणून घाई करू नये.

पायदळाची तुकडी चार ठोकळ्यांची, घोडदळाची तीन ठोकळ्यांची, आणि हत्ती किंवा रथ असतील तर दोनच ठोकळ्यांची. हलक्या तुकड्यांना हिरवे वर्तुळ, मध्यम तुकड्यांना निळा त्रिकोण आणि जड तुकड्यांना लाल चौकोन अशी खूण आहे, आणि हीच चिन्हे फाशांच्या तीन बाजूंवर आहेत. उरलेल्या तीन बाजूंवर शिरस्त्राण, दोन तलवारी आणि निशाण. आकडा कुठेच नाही. त्यामुळे आमच्या शेजारचे कन्नड भाषक आजोबासुद्धा पहिल्याच डावात फासे वाचू लागले, हे मी आवर्जून नमूद करतो.

खेळाचा गाभा पत्त्यांत आहे. पट दोन तुटक रेषांनी डावी बगल, मध्य आणि उजवी बगल अशा तीन भागांत विभागलेला असतो, आणि आपल्या पाळीत आपण हातातील एकच पत्ता खेळतो. एखादा पत्ता उजव्या बगलेतील तीन तुकड्यांना हुकूम देऊ देतो, एखादा फक्त हलक्या तुकड्यांना, एखादा फक्त घोडदळाला. डाव्या बगलेवर शत्रू चालून येत आहे आणि हातात डाव्या बगलेचा एकही पत्ता नाही, अशी वेळ प्रत्येक डावात कधी ना कधी येते. बुद्धिबळाची सवय असलेल्या माणसाला याचा प्रथम राग येतो, कारण तिथे आपले प्रत्येक मोहरे आपल्या शब्दात असते. पण ज्या काळात हुकूम पोचवायला शिंग, निशाण आणि घोडेस्वार एवढीच साधने होती, धुळीत शंभर पावलांपलीकडचे दिसत नव्हते आणि एकदा भिडलेली तुकडी मागे बोलावणे जवळजवळ अशक्य होते, त्या काळातील सेनापतीला सगळे सैन्य हवे तसे हलवता येत होते असे मानणेच चुकीचे आहे. म्हणून पत्त्यांची ही अडचण मी खेळाचा दोष मानत नाही. चांगला खेळाडू लढाई सुरू होण्यापूर्वीच पुढच्या तीन-चार पाळ्यांचे पत्ते जुळवत बसतो. कोणत्या बगलेवर जोर द्यायचा हे तो आधी ठरवतो आणि त्या बगलेचे पत्ते राखून ठेवतो. याच जागी खेळातील युद्धशास्त्र सुरू होते.

प्रत्येक लढाईत दोन्ही बाजूंच्या हातातील पत्त्यांची संख्या वेगवेगळी ठरवून दिलेली असते, आणि हे मला फार मार्मिक वाटते. कार्थेजच्या हॅनिबलसारखा सेनापती असेल तर हातात अधिक पत्ते, गोंधळलेल्या किंवा गाफील सेनेच्या हातात कमी. म्हणजे सेनापतीची प्रतिभा ही फाशांवर मिळणारी फुकटची भर न होता, निवडीला मिळालेली अधिक वाट होते. हॅनिबलचे पत्ते हातात घेऊनही वाईट निवड केली तर हरता येते.

आता लढण्याविषयी. जड पायदळ हातघाईत पाच फासे टाकते, मध्यम पायदळ चार, हलके दोन. समोरच्या तुकडीचे चिन्ह पडले की एक ठोकळा उचलायचा, तलवारी पडल्या तरी एक ठोकळा उचलायचा. मात्र हलक्या तुकड्यांच्या तलवारी लागत नाहीत. तुकडीबरोबर सेनानी उभा असेल तर शिरस्त्राणही लागू पडते. म्हणजे सेनानीविना प्रत्येक फाशाला सहापैकी दोन बाजू उपयोगाच्या, सेनानी असताना तीन. पाच फाशांचा हिशेब केला तर सरासरी दीडाच्या किंचित वर असलेला घाव अडीचवर जातो, आणि चार ठोकळ्यांच्या तुकडीपुढे हा फरक प्रचंड आहे. पण सेनानीला आघाडीवर नेले तर तो पडण्याची भीती, आणि तो पडला की शत्रूच्या खात्यात विजयाचे एक निशाण जमा होते (हे फाशावरच्या निशाणाहून वेगळे). विजयाची ठरलेली निशाणे जो आधी मिळवील तो लढाई जिंकतो. प्रत्येक नष्ट झालेल्या तुकडीचे एक आणि प्रत्येक पडलेल्या सेनानीचे एक. सेनापतीने पुढे राहून लढावे की मागे राहून लढवावे, हा जुना प्रश्न इथे दर पाळीला नव्याने सोडवावा लागतो.

हल्ला पचवून जी तुकडी जागेवर टिकते ती लगेच उलट वार करते, आणि ठोकळे कमी झाले म्हणून तिचे फासे सहसा कमी होत नाहीत. एकच ठोकळा उरलेली जड पायदळाची तुकडीसुद्धा पाच फासे टाकते. काही खेळाडूंना हे पटत नाही. मला मात्र ते योग्य वाटते, कारण ठोकळे म्हणजे केवळ माणसांची डोकी नव्हेत. तुकडीचा दम आणि शिस्त त्यात धरलेली आहे, आणि शिस्त असेपर्यंत पहिली रांग लढतच असते. ती तुटते तेव्हा एकदम तुटते.

निशाणाची बाजू पडली की समोरच्या तुकडीला माघार घ्यावी लागते. जड पायदळ एका निशाणाला एक घर मागे सरते, पण हलके घोडदळ चार घरे मागे जाते, म्हणजे जवळजवळ रणांगणाबाहेर. मात्र तुकडीच्या लगत आपल्या दोन तुकड्या उभ्या असतील तर एक निशाण मानले नाही तरी चालते. या एका नियमावर सगळा खेळ उभा आहे. शेजाऱ्याच्या आधाराने उभी असलेली फळी ढळत नाही. त्याच फळीतील एखादी तुकडी उत्साहाने पुढे गेली की तिचाही आधार जातो आणि मागे उरलेल्यांचाही. सलग उभ्या असलेल्या पायदळाला एकाच पत्त्यावर एक घर पुढे नेणारा 'लाइन कमांड' हा पत्ता म्हणूनच सोन्यासारखा जपावा लागतो, आणि फळी मोडलेल्या खेळाडूच्या हातात तो आला तरी व्यर्थ जातो. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदार आमच्या टिळकवाडीतील बैठकीला येऊन बसतात. ते खेळत नाहीत, नुसते पाहतात. माझी मधली फळी पुढेमागे झालेली पाहून एकदा ते म्हणाले, "सर, माणसं आहेत तुमच्याकडे, पण रांग नाही." पुढच्या दोन पाळ्यांत माझ्या तीन तुकड्या गेल्या.

हत्तींविषयी सविस्तर लिहायला हवे, कारण या खेळातील सर्वांत सुंदर नियम त्यांच्या वाट्याला आला आहे. हत्तींना स्वतःचे ठरलेले फासे नाहीत. समोरची तुकडी जितके फासे टाकते तितकेच हत्ती टाकतात. म्हणजे पाच फाशांच्या जड पायदळावर हत्ती पाच फाशांनी तुटून पडतात, आणि दोन फाशांच्या हलक्या पायदळासमोर त्यांना दोनच मिळतात. घट्ट रांगेत उभ्या राहिलेल्या माणसांना हत्ती तुडवतो, पण पांगून उभ्या असलेल्या भालाफेक्यांपुढे त्याचे काही चालत नाही, हे वास्तव एका ओळीच्या नियमात आले आहे. शिवाय हत्तींना माघार घ्यावी लागली तर ते बिथरतात आणि लगतच्या प्रत्येक तुकडीवर, मग ती आपली असो वा परकी, फासे टाकले जातात.

झामाच्या लढाईत हे फार जवळून दिसते. पॉलिबिअस या ग्रीक इतिहासकाराच्या वृत्तान्तानुसार हॅनिबलपाशी तिथे ऐंशीहून अधिक हत्ती होते. रोमचा सेनापती सिपिओ याने आपल्या पायदळाच्या तुकड्यांमध्ये मोकळ्या वाटा ठेवून त्यांत हलके सैनिक उभे केले, शिंगांच्या आवाजाने काही हत्ती सुरुवातीलाच उलटले आणि कार्थेजच्याच घोडदळात शिरले. आमच्या डावात हॅनिबल मी होतो आणि रोमकडून माझा भाचा. मी हत्ती मध्यावर पुढे काढले तेव्हा तो म्हणाला, "मामा, पाठीमागं एवढी गर्दी ठेवून हत्ती काढू नका." मी काढले. त्याने जड पायदळाला हातही लावला नाही. दोन घरांवरून हलक्या पायदळाची फेक माझ्या डाव्या हत्तीवर केली. दोन फासे पडले : एकावर हिरवे वर्तुळ, ते निरुपयोगी, आणि दुसऱ्यावर निशाण. हत्तीच्या पाठीला माझेच मध्यम पायदळ आणि बाजूला माझेच हलके पायदळ लागून उभे होते. बिथरलेल्या हत्तीचे दोन-दोन फासे त्या दोघांवर पडले आणि मध्यम पायदळाचे दोन ठोकळे शत्रूचा एकही माणूस भिडण्यापूर्वी पटावरून उठले. त्यानंतर भाच्याने घाई केली नाही. माझ्या फळीत पडलेले ते खिंडार रुंद होईपर्यंत तो थांबला आणि मग जड पायदळ आणले. इतिहास शिकवताना झामाचा नकाशा मी फळ्यावर अनेकदा काढला आहे, पण सिपिओने वाटा का ठेवल्या आणि हॅनिबलचे हत्ती त्याच्याच अंगावर का आले, हे त्या दोन फाशांनी जितके स्वच्छ सांगितले तितके माझ्या नकाशाने कधी सांगितले असेल असे मला वाटत नाही.

कॅनीची लढाई, इ.स.पू. 216, ही या पेटीतील सर्वांत नावाजलेली. रोमचे सुमारे ऐंशी हजार पायदळ आणि हॅनिबलचे त्याच्या निम्म्याच्या आसपास. तरी संध्याकाळपर्यंत रोमचे सैन्य वेढ्यात सापडून कापले गेले आणि एमिलिअस पॉलस हा कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, रणातच पडला. पटावर रोमचे जड पायदळ मध्यावर एकामागे एक इतके दाटलेले असते की पाहताना त्याचा धाक वाटतो. पण माघारीचा आणखी एक नियम इथे कामाला येतो : मागे सरायला जागा नसेल तर जितकी घरे सरता आले नाही तितके ठोकळे गमवावे लागतात. मोकळ्या रणात नुसते एक घर हटवणारे निशाण या गर्दीत जीव घेते. रोमकडून खेळणाऱ्याला आपले संख्याबळच आपला गळा कसा आवळते याचा अनुभव येतो, आणि दुसरीकडे कार्थेजचे घोडदळ बगलेवर एक तुकडी मोडून त्या जागेवर चाल करते व तिथूनच पुन्हा वार करू शकते, तेव्हा हॅनिबलचा सरदार हसद्रुबल याच्या स्वारांनी रोमची बगल मोडून पाठीमागे धाव कशी घेतली ते समजते. मात्र हेही सांगितले पाहिजे की पटावर वेढा दर वेळी पडत नाही. रोमचा खेळाडू सावध असेल आणि त्याला मध्याचे पत्ते मिळाले तर हॅनिबलची पातळ मधली फळी फुटते. इतिहासाची हुबेहूब पुनरावृत्ती हवी असणाऱ्याने हा खेळ घेऊ नये. त्या लढाईत कोणकोणत्या शक्यता दडलेल्या होत्या हे पाहायचे असेल त्याने घ्यावा.

आपल्याकडच्या वाचकाला सर्वांत जवळचे वाटेल ते उत्तर आफ्रिकेतील नुमिडियाचे हलके घोडदळ. ते चार घरे दौडते, दोन घरांवरून भाले फेकते, आणि जड तुकडी अंगावर आली तर समोरासमोर न भिडता हुलकावणी देऊन मागे सरते. हुलकावणी देणाऱ्यावर शत्रूचे फासे पडतात खरे, पण त्याला तलवारी लागत नाहीत, फक्त त्याचे स्वतःचे चिन्ह पडले तरच ठोकळा जातो. उलट वार करण्याचा हक्क त्याला सोडावा लागतो. गनिमी काव्याची गोष्ट ज्याने लहानपणापासून ऐकली आहे तो खेळाडू या स्वारांवर भाळतो, आणि मग त्याच्या लक्षात येते की केवळ पळून आणि छळून लढाई जिंकता येत नाही. कुठे तरी जड पायदळाला जाऊन भिडावेच लागते, आणि हलक्या स्वारांचे काम त्या भिडण्यासाठी जागा आणि वेळ मिळवून देण्याचे असते.

उणिवाही आहेत. पत्त्यांवरील मजकूर पूर्णपणे इंग्रजीत आहे आणि काही पत्त्यांवर तो लांबलचक, अटींनी भरलेला आहे. आमच्या भागातील मुले घरी मराठी आणि शाळेत कन्नड व इंग्रजी शिकत असल्याने त्यांचे अडत नाही, पण वडीलधाऱ्यांचा खेळ प्रत्येक पत्त्याशी अडखळतो. मी गणपत गल्लीतून पत्त्यांच्या मापाची प्लॅस्टिकची पाकिटे आणली, प्रत्येक पत्त्याचा मराठी सारांश चिठ्ठीवर लिहून पाकिटात सरकवला, आणि खेळाचा वेग जवळजवळ दुप्पट झाला. नियमपुस्तिका नीट लिहिलेली आहे, तरी हुलकावणी, हत्तींचे बिथरणे आणि सेनानी सापडण्याचे प्रसंग यांसाठी सुरुवातीला ती पुनःपुन्हा उघडावी लागते.

नशिबाचा वाटाही मोठा आहे. एखाद्या डावात पत्ते असे येतात की खेळाडू काही करूच शकत नाही, आणि तासाभराच्या खेळात अर्धा तास तसा गेला तर उत्साह ओसरतो. लढाया समतोल नाहीत; त्रासिमेनच्या सरोवराकाठी, इ.स.पू. 217 मध्ये, धुक्यात कोंडल्या गेलेल्या रोमन सेनापती फ्लॅमिनिअसची बाजू घेणाऱ्याला जिंकण्याची आशा थोडीच ठेवता येते. यावर उपाय सोपा आहे : बाजू बदलून तीच लढाई दोनदा खेळावी आणि दोन्ही डावांतील विजयाच्या निशाणांची बेरीज करून निकाल ठरवावा.

बेळगावच्या पावसाळ्याचा विचार मात्र खेळ बनवणाऱ्यांनी केलेला नाही, तो आपल्यालाच करावा लागतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंतच्या दमट हवेत चिकटचित्रांच्या कडा सुटतात, पत्ते ओलसर होऊन एकमेकांना धरतात, आणि खानापूरकडच्या घरांत तर पेटीच्या पुठ्ठ्यावर बुरशी येते. लाकडी ठोकळ्यांना स्वतःला काही होत नाही. चित्रांवर पारदर्शक लेपाचा एक पातळ हात द्यावा, ठोकळे झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यांत सैन्यवार वेगळे ठेवावेत आणि डब्यात औषधांच्या बाटलीत येतात तशा ओल शोषणाऱ्या पुड्या टाकाव्यात. हा खेळ परदेशातून येतो, त्यावर टपालखर्च आणि सीमाशुल्क पडते, म्हणून एकदा घेतलेली पेटी वर्षानुवर्षे टिकेल अशी व्यवस्था पहिल्याच महिन्यात करावी. एकट्याच्या खिशाला किंमत जड वाटली तर दोघा-तिघांनी मिळून घेण्यात काहीच गैर नाही. एरवीही खेळायला दुसरा माणूस लागतोच.

पुढच्या विस्तार-पेट्यांपैकी पहिली, ग्रीस आणि पूर्वेकडील राज्यांवरची, भारतीय खेळाडूने आवर्जून पाहावी. इ.स.पू. 326 मध्ये वितस्तेच्या, म्हणजे झेलम नदीच्या काठी अलेक्झांडर आणि पोरस यांच्यात झालेली लढाई तिच्यात आहे. आपला सरदार क्रेटेरस याला छावणीत ठेवून, वादळी रात्री नदीच्या वरच्या अंगाला जाऊन अलेक्झांडर कसा उतरला हा भाग पटावर येत नाही, डाव नदी ओलांडून झाल्यावर सुरू होतो, आणि याचे मला वाईट वाटते. पण पोरसचे हत्ती आणि त्यांच्यासमोरचे मॅसिडोनियाचे जड पायदळ ही मांडणी मूळ पेटीतील हत्तींचे नियम अंगवळणी पडल्यानंतर फार रंगते. रोमच्या यादवी युद्धांच्या आणि साम्राज्यकाळाच्या पेट्याही आहेत, पण त्यांची घाई करण्याचे कारण नाही, कारण मूळ पेटीतील लढायाच नवख्या जोडीला दोन-तीन पावसाळे पुरतील.

नव्याने घेणाऱ्यांनी अक्रागासपासून आरंभ करावा. ती लढाई सरळ आहे आणि तिथे फळी, आधार आणि माघार हे तिन्ही विषय नीट कळतात. त्यानंतर क्रिमिसोसची, जिथे रथ येतात. मग ट्रेबिया, आणि दोघांचेही हात बसल्यावर बाजू बदलून कॅनी. हत्तींची बगराडास आणि झामा या दोन लढाया त्यानंतर, लागोपाठ खेळाव्यात : इ.स.पू. 255 मध्ये झांथिपस या स्पार्टन सेनानीने हत्तींच्या जोरावर रोमन सेनापती रेग्युलसची फळी तुडवली, आणि अर्ध्या शतकानंतर त्याच शस्त्राला सिपिओने उत्तर शोधले. ही जोडी एका शनिवारी दुपारी खेळून होते, आणि दोन्ही लढायांत कार्थेजची बाजू एकाच खेळाडूने घ्यावी.